धागा: बागेश्री, यमन आणि फंक-स्मूद जॅझ: राग न मोडता बँड कसा बसवायचा?

वेळूवन (लातूर)

पाच जणांचा संच आहे: बासरी, बेस गिटार, ड्रम, इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड. डिसेंबरअखेर लातूरला मोकळ्या मैदानात रात्री साडेआठला ४० मिनिटांचा कार्यक्रम. पहिली रचना बागेश्रीवर, फंक अंगाने, लय ९६ (मिनिटाला ९६ मात्रा). दुसरी यमन, स्मूद जॅझसारखी सैल, लय ८० च्या आसपास. तिसरी ठरायची आहे, जोगचा विचार चाललाय. बासऱ्या दोन: ई बेस (पांढरी तीन) आणि जी (पांढरी पाच), दोन्ही सहा भोकांच्या.

अडलंय ते असं. एकटी बासरी सुरेल लागते, कीबोर्डने कॉर्ड धरला की ग आणि ध खटकतात. जलद तुकड्यांत कोमल ग, कोमल नि पुसट येतात. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे फंकचा झटका लागतच नाही, भजनामागे ड्रम लावल्यासारखं वाटतं.

'फ्यूजनमध्ये सगळं चालतं' हे उत्तर कृपया नको.

चौथी_तार (छ. संभाजीनगर)

शेवटचं आधी घेतो, कारण ते सुटलं की अर्धं काम झालं.

फंकमध्ये बारची (चार मात्रांच्या घराची) पहिली मात्रा ही बेस आणि किकची (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमची) जागा. जेम्स ब्राउनच्या बँडने साठच्या दशकात हेच पक्कं केलं: एकवर सगळे एकत्र आदळायचं आणि उरलेल्या बारमध्ये एकमेकांच्या मोकळ्या जागा भरायच्या. आपल्याकडे बासरीचा मुखडा समेकडे (तालाच्या पहिल्या मात्रेकडे) धावत येतो आणि समेनंतरही सूर लांबवत राहतो. त्या लांबवलेल्या सुराखाली बेसचा ठोका गाडला जातो. झटका लागत नाही तो यामुळे, ड्रमरचा दोष नाही.

बासरी समेवर आली की तिने तिथेच तुटायचं. पुढचं वाक्य एकवरून सुरू करायचं नाही, किमान अर्धी मात्रा सोडून उचलायचं. एका मात्रेचे चार, म्हणजे बारचे सोळा भाग धरून बागेश्रीचा एक तुकडा देतो (ग, नि कोमल, ऽ म्हणजे गप्प):

ऽ ऽ ग म | ऽ ध ऽ नि | ध ऽ ऽ म | ग रे सा ऽ

नऊ सूर, सात रिकाम्या जागा. पहिल्या दोन जागा बेसच्या, शेवटची श्वासाची. रिकाम्या जागी फुंकर खरंच थांबली पाहिजे, नुसती हलकी होऊन चालत नाही. प्रत्येक सूर जिभेने 'त' म्हणून तोडा, जोडीचे सूर 'त-क'. खटके, मुरक्या या तुकड्यात नकोत, त्या आलापात भरपूर घ्या.

बेसने काय करायचं: एकवर खालचा ई, तोही आखूड. मग पाचव्या, सातव्या आणि अकराव्या भागावर वरचा ई किंवा डी, गिटारवाला वरच्या तीन तारा दाबून नुसता खरखराट ठेवतो. बासरीच्या सुरांवरच बेसने सूर टाकले की दोन्ही वाया जातात, म्हणून आधी दोघांनीच, ड्रमशिवाय, मेट्रोनोम ९६ ला लावून बसा.

ऱ्होड्सप्रेमी (जालना)

आता कॉर्डचं.

ग-ध खटकतात याचं कारण साधं आहे. कीबोर्डचे बारा स्वर समान अंतरावर कापलेले असतात. तुमच्या कानाला, तानपुऱ्यावर जुळलेला कोमल ग त्यापेक्षा साधारण १६ सेंट चढा लागतो आणि शुद्ध ध १६ सेंट उतरता. (एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट.) ई बासरीवर मध्य सप्तकातला कोमल ग म्हणजे ३९२ हर्ट्झ. तिथे १६ सेंटचा फरक म्हणजे सेकंदाला साडेतीन-चार हेलकावे. कीबोर्डवर पॅड (लांब टिकणारा आवाज) लावून तोच ग धरून ठेवला की हे हेलकावे स्पष्ट ऐकू येतात. पण तोच कॉर्ड सोळाव्या भागाएवढा, म्हणजे ९६ च्या लयीत १५६ मिलिसेकंद वाजला, तर एक हेलकावा पूर्ण व्हायच्या आत आवाज संपलेला असतो. म्हणून फंकच्या रचनेत ही तक्रार जवळपास येतच नाही, स्मूद जॅझमध्ये हमखास येते. बागेश्रीत पॅड बंद करा, इलेक्ट्रिक पियानोचा ऱ्होड्ससारखा आवाज घ्या आणि आखूड वाजवा.

दुसरं, बागेश्रीत पंचम दुबळा आणि मध्यम वादी, म्हणजे मुख्य स्वर. आणि कीबोर्डवाले काय करतात, तर ई मायनर सेव्हन म्हणून ई-जी-बी-डी चारही बोटं ठेवतात. बी म्हणजे पंचम. राग ज्याला जेमतेम हात लावतो तोच स्वर तुम्ही बारभर बडवताय. मग भीमपलासीचा वास येतो आणि लोक म्हणतात बासरीवाल्याने राग बिघडवला!

पंचम काढून टाका. उजव्या हाताची तीनच बोटं:

ई मायनरवर: जी – ए – डी (ग म नि)
ए सेव्हनवर: जी – ए – सी शार्प (ग म ध)

दोन बोटं जागेवर, एकच हलतं: डी वरून सी शार्पवर. म्हणजे नि वरून ध वर. बागेश्रीचं 'नि ध' कॉर्डच्या पोटातच आलं, वेगळं काही करायला नको. ए नाइन, ए थर्टीन असले भरलेले कॉर्ड इथे टाळा, नाइनमध्ये पंचम परत घुसतो.

बासरी कोमल ग वर लांब थांबणार असेल तिथे जी सुद्धा उचला, नुसतं ए-डी ठेवा. आणि बासरीची चाल कीबोर्डवर त्याच सप्तकात दुहेरी वाजवू नका. १६ सेंटचा फरक लपवायला जगात कुठलाही रिव्हर्ब (घुमारा) पुरत नाही.

चौथी_तार (छ. संभाजीनगर)

यात बेसच्या बाजूने एक धोका जोडतो. ए सेव्हनच्या बारमध्ये बेसने एकवर ए आपटला की ऐकणाऱ्याचा सा ई वरून ए वर सरकतो आणि बागेश्रीचा खमाज होतो. दोन-दोन बार करा: ई वर पहिला बार, दुसऱ्या बारलाही एकवर ईच, ए मात्र तिसऱ्या मात्रेला. तानपुरा मध्यमाचा लावा, खूप हळू, आणि त्याचं २५० हर्ट्झखालचं कापून टाका, नाहीतर बेस गढूळ होतो.

काळी_चार (अंबाजोगाई)

पुसट कोमल स्वरांचा प्रश्न बासरी निवडण्याचा आहे. रियाज कमी म्हणून होत नाही ते.

सहा भोकांच्या बासरीवर पूर्ण भोकांनी निघणारी सप्तक म्हणजे यमनचीच: सगळी बंद प, खालून एक उघडलं ध, दोन नि, तीन सा, चार रे, पाच ग, सगळी उघडी तीव्र म. शुद्ध म, कोमल ग, कोमल नि ही अर्ध्या भोकांची कामं. म्हणजे बागेश्रीतले तीन मुख्य स्वर अर्ध्या भोकावर. आलापात बहार येते, कारण मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरणं) तिथेच असते. पण ९६ ला सोळाव्या भागांत बोट अर्ध्यावर नेमकं बसायला वेळच नसतो आणि सूर पुसट येतो. ई बेस साधारण ३० इंची, बोटांची अंतरंही मोठी.

उपाय म्हणजे मूर्च्छना. जी बासरीचा ध म्हणजे ई. त्या ध ला सा माना आणि चढत जा: ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी शार्प, डी. हा ई वरचा काफी थाट झाला आणि सगळी भोकं पूर्ण. एकही अर्धं नाही. वर चौथी_तार यांनी दिलेला तुकडा या बासरीवर तासाभरात स्वच्छ निघेल. शिवाय त्याच बासरीच्या रे पासून ए वरचा खमाज थाट पूर्ण भोकांनी मिळतो, म्हणजे ए सेव्हनचा बार पण सोपा.

फुकट मात्र काही मिळत नाही. अशा वाजवण्यात बागेश्रीचा ध येतो सगळ्या उघड्या भोकांवर आणि नि येतो सगळी बंद करून जोरकस फुंकरीवर. दोघांच्या मधे सप्तकाची फट. 'ध नि ध' ची मींड तिथे निघतच नाही, दोन सुटे सूर ऐकू येतात. म्हणून आलाप, विलंबित वाक्यं ई वर नेहमीच्या बोटांनी. तोडलेले जलद तुकडे जी वर. बासरीवादक पन्नालाल घोषांनी करंगळीचं सातवं भोक आणलं ते याच जागेसाठी: ते बंद केल्यावर प च्या खाली तीव्र म मिळतो आणि म-प ची मींड करंगळीने होते. सात भोकांची जी मिळाली तर 'ध नि ध' पण साधेल, पण करंगळीची ताण लक्षात घेऊन विकत घ्या.

विकत घेताना आणखी एक. आपल्याकडे बासरीचं नाव सा वरून, म्हणजे तीन भोकं बंद असतानाच्या सुरावरून. ऑनलाइन काही विक्रेते सगळी भोकं बंद असतानाच्या सुरावरून नाव देतात. 'तीन बंदला कुठला सूर' हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

वेळूवन (लातूर)

ताई, म्हणजे एकाच रचनेत दोन बासऱ्या? बदलायला वेळ कुठे काढायचा?

काळी_चार (अंबाजोगाई)

आलाप ई वर, तानपुरा आणि हलका ऱ्होड्स. आलाप संपला की बेस-ड्रम आठ बार एकटे. ९६ ला आठ बार म्हणजे २० सेकंद, बासरी बदलून दोन श्वास घ्यायला भरपूर. जी मात्र या वेळेपर्यंत गार पडलेली असते, म्हणून ती स्टँडवर उभी ठेवू नका, काखेत किंवा शालीत ठेवा. शेवटच्या भागात परत ई वर यायचं असेल तर गिटारच्या सोलोमध्ये बदला.

आणि माइक दोन्ही बासऱ्यांना एकच पुरतो. तोंडाची जागा तीच राहते.

सोळा_मात्रा (परभणी)

तालाचं कुणी बोललं नाही अजून.

तीनतालाच्या सोळा मात्रा म्हणजे चार बार धरा. खाली (टाळी न देता मोकळी सोडलेली जागा) नवव्या मात्रेला, म्हणजे तिसऱ्या बारला. त्या बारमध्ये बेस आणि किक काढा, हाय-हॅट (ड्रमवरची झांजांची जोडी) आणि गिटारचा खरखराट चालू ठेवा. चौथ्या बारला बेस परत. ऐकणाऱ्याला तीनताल माहीत नसला तरी खाली जाणवते, आणि बासरीला दर चार बारमध्ये एक मोकळी खोली मिळते. प्रत्येक आवर्तनात केलं तर युक्ती उघडी पडते, चार आवर्तनांत एकदा बास.

तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. तुकड्याचे भाग तीनदा, मधल्या रिकाम्या जागा दोनदा, एकूण १७ आली की बारच्या पहिल्या भागावरून उचललेली तिहाई पुढच्या एकवर बरोबर पडते. पाच सूर आणि एक रिकामी: १५ + २ = १७. 'ग म ध नि सां' तीनदा, मधे एकेक जागा गप्प. शेवटचा सां बेसच्या ई सोबत. तीन सूर आणि चार रिकाम्याही बसतात (९ + ८), ती जास्त फंकी वाटते कारण हवा जास्त. दोन बारची हवी असेल तर बेरीज ३३: नऊ सूर, तीन रिकाम्या. ड्रमरला तिहाई तोंडी म्हणून दाखवा, कागदावर लिहून दिली की तो मोजत बसतो.

तिसरं, झोल. स्मूद जॅझमध्ये सोळावे भाग अगदी सरळ नसतात, दुसरा जरा उशिरा पडतो. ड्रम मशीनवर हे ५५ ते ५७ टक्के असं दिसतं, ५० म्हणजे सरळ. तबला, ढोलकीवरचा केहरवा वाजवणाऱ्याच्या हातात स्वतःचा झोल असतो. हाय-हॅट सरळ आणि तबला झुलता असं झालं की अख्खा बँड अडखळल्यासारखा वाटतो आणि चूक सापडत नाही. एकाने दुसऱ्याचं ऐकायचं, आणि मशीन असेल तर मशीनने तबल्याचं.

जुना_श्रोता (धाराशिव)

सगळं वाचलं. तांत्रिक बाजू चांगली चाललीय. पण बागेश्री हा रात्रीचा, विरहाचा राग. त्यावर ठोके मारून नाचवायचं, तर राग कशाला म्हणायचं? धून म्हणा.

काळी_चार (अंबाजोगाई)

काका, वेळ साडेआठची म्हणजे रात्रीचीच आहे, तेवढं तरी पाळलंय. 😀

मुद्दा मान्य आहे. पत्रिकेवर 'बागेश्रीवर आधारित' असं छापावं, 'राग बागेश्री' नाही. पण आधारित म्हणताना सुद्धा म वर न्यास (थांबणं), प अल्प, 'म ग रे सा' उतरताना येणं, एवढं टिकलं पाहिजे. ते टिकवायलाच वर पंचम काढायची एवढी खटपट चाललीय. १९८७ च्या 'मेकिंग म्युझिक' या अल्बममध्ये हरिप्रसादजी (बासरी), झाकीरभाई (तबला), जॉन मॅकलॉफ्लिन (गिटार) आणि जान गार्बारेक (सॅक्सोफोन) चौघं आहेत. तिथे बासरी कुठे थांबते आणि सॅक्सोफोन कुठे आत येतो एवढंच कान देऊन ऐका. फंक नाही ते, पण एकमेकांना जागा कशी द्यायची ते कळतं.

जुना_श्रोता (धाराशिव)

'आधारित' चालेल.

ऱ्होड्सप्रेमी (जालना)

यमन आणि जोग.

यमन बासरीला पूर्ण भोकांचा, म्हणून ई बेसवर स्मूद जॅझला सगळ्यात सोयीचा. कॉर्ड दोनच पुरतात: ई मेजर नाइन, आणि बेस गिटार ई वरच ठेवून एफ शार्प मेजर. दुसऱ्यात रे, तीव्र म, ध तिन्ही येतात. आठ बारांनी एकदा सी शार्प मायनर नाइन. एवढ्यात पाच मिनिटं निघतात.

इथे जॅझवाले मित्र टू-फाइव्ह-वन घालतील, म्हणजे एफ शार्प मायनर, बी सेव्हन, ई मेजर. त्यातल्या पहिल्या दोन्ही कॉर्डमध्ये ए आहे, शुद्ध मध्यम. बासरी ए शार्प घेणार, कीबोर्ड ए. सरळ टक्कर. यमनमध्ये टू-फाइव्ह-वन नाहीच, कितीही गोड लागलं तरी. बी मेजर सेव्हनवर पण थांबू नका, स्वर तेच असल्याने ऐकणाऱ्याला बी हाच सा वाटायला लागतो आणि यमनचा बिलावल होतो.

आणखी एक जागा: बासरी तार सा वर थांबली आणि खाली मेजर सेव्हन चालू असला, तर कीबोर्डचा शुद्ध नि त्या सा ला अर्ध्या स्वराने चावतो. बासरी नि, रे, ग वर थांबते तिथे मेजर नाइन छान. सा वर थांबते तिथे नि काढून ध घाला, म्हणजे सिक्स-नाइन: ई, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प. यमनमध्ये या जागा आधीच कागदावर खुणा करून ठेवा.

पॅड लावायचं तर ग शिवाय लावा. शुद्ध ग चा फरक १४ सेंटचा, तोही लांब सुरावर कळतो.

जोग घ्याच. जोगमध्ये दोन्ही ग आहेत, आणि फंकचा ठेवणीतला कॉर्ड म्हणजे सेव्हन शार्प नाइन, त्यातही दोन्ही ग. खालून वर जी शार्प, डी, जी. चढताना बासरी शुद्ध ग, उतरताना शेवटी कोमल ग वरून सा. फक्त बासरी शुद्ध ग वर थांबली की कीबोर्डने वरचा जी सोडायचा. ध नाही या रागात, म्हणून थर्टीन नको. लय १०० ते १०४, जास्त नको, कारण इथे कोमल ग, म, नि तिन्ही अर्ध्या भोकांचे.

फेडर (नांदेड)

लातूर, डिसेंबर, मोकळं मैदान. मग माझं ऐका, नाहीतर वरचं सगळं स्टेजवर पाण्यात.

थंडी आधी. आवाजाचा वेग हवेच्या तापमानासोबत बदलतो, दर अंशाला सेकंदामागं ०.६ मीटर. बासरीत ते दर अंशाला तीन सेंट पडतं. दुपारी २७ अंशाला जुळवलं आन रात्री १४ वर वाजवलं तर हिशोबानं ३९ सेंट उतरायला पाहिजे. प्रत्यक्षात कमी उतरतं, कारण फुंकरीची हवा गरम असते, पण उतरतंच. कीबोर्ड तिथंच ४४० ला बसलेला. बासरी काही गिटारसारखी पिळता येत नाही. ओठ बाहेर फिरवून थोडं चढवता येतं, त्यात आवाज मात्र पातळ होतो आन हवा जास्त ऐकू येते.

म्हणून बँडनं बासरीला जुळवायचं. दहा मिनिटं फुंकून बासरी गरम करा, मग ट्यूनरवर मध्य सा बगा. १६ सेंट उतरता दिसला तर कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग ४३६ करा, एक हर्ट्झ म्हणजे साधारण चार सेंट. गिटार-बेसच्या ट्यूनरलाही तोच आकडा. हे साउंड चेकला संध्याकाळी पाचला करू नका, स्टेजवर चढायच्या अर्धा तास आधी करा. एप्रिल-मेमधी कार्यक्रम असला की उलटं, बासरी चढते आन गिटारच्या तारा उतरतात, ४४५ पर्यंत जावं लागतं. ट्रॅक लावून वाजवणार असाल तर तो आधीच सेंटमधी वरखाली करता येईल अशा सॉफ्टवेअरमधून वाजवा.

माइक. साधा डायनॅमिक गायनाचा माइक चालतो, महागाचं उगं काही नको. तोंडासमोर सरळ धरू नका, फुंकर थेट जाळीवर आदळते. फुंकायच्या भोकाच्या आन पहिल्या भोकाच्या मधोमध रोख, वरून तिरका, १० ते १२ सेंटीमीटर. फोमची टोपी घाला. आन पेडस्टल पंखा, धुराचं मशीन बासरीवाल्याच्या बाजूला नको म्हणजे नको. आडवा वारा फुंकायच्या भोकावरनं गेला की सूरच निघत नाही, मग सगळे मिक्सरवाल्याकडं बगायलेत!

मिक्सरवर: १८० च्या खालचं कापा. ई बासरीचा सगळ्यात खालचा प २४७ हर्ट्झचा, त्यामुळं सुराचं काही जात नाही, आन जनरेटरची ५० आन १०० ची गुणगुण या चॅनेलमधून जाते. ६ ते ८ हजारला दोन-तीन डीबी कमी, फुसफुस उतरते. त्याहून जास्त काढलं तर 'त-क' ची धार जाते आन फंक मरतो. कॉम्प्रेसर ३:१, अटॅक १५-२० मिलिसेकंद, म्हणजे जिभेचा ठोका सुटून जातो आन मागचा सूर धरला जातो.

रिव्हर्ब इथं बहुतेक जण वाट लावतात. बासरी दिसली की देवळाएवढा रिव्हर्ब! बागेश्रीला दीड सेकंदाच्या आत, प्री-डिले ४० ते ६० मिलिसेकंद. डिले लावायचा तर ९६ ला ४६९ मिलिसेकंद, पाऊण मात्रा. यमनला रिव्हर्ब वाढवा. आलापाला वेगळी सेटिंग ठेवा आन बेस आला की बदला. मॉनिटरमधी बासरीवाल्याला रिव्हर्ब अजिबात देऊ नका, तो सुराला नाही, त्याच्या शेपटीला जुळवत बसतो.

गोदाकाठ (पैठण)

यात बँडपथकातला ट्रम्पेट किंवा अल्टो सॅक्सोफोन घ्यायचा असेल तर?

ऱ्होड्सप्रेमी (जालना)

ई मध्ये घेऊ नका. ट्रम्पेटला तो एफ शार्प होतो आणि अल्टोला सी शार्प, दोघंही हात जोडतील. अख्खी बागेश्री एफ वर, म्हणजे पांढरी चारवर न्या. ट्रम्पेटला जी, अल्टोला डी, दोन्ही रोजच्या बोटांतले. बासऱ्या मग पांढरी चार आणि जलद तुकड्यांना काळी चार, हिशोब तोच.

सोप्रानो सॅक्सोफोन टाळा. आवाजाचा पट्टा बासरीचाच, आणि जोरात तो बासरीला खाऊन टाकतो.

सोळा_मात्रा (परभणी)

कुणी संबळ घालून पाहा. तुळजापूरच्या बाजूला गोंधळात चांगले वाजवणारे मिळतात. पण संबळाचा कडकडाट स्नेअरच्याच जागेवर पडतो, म्हणून ड्रमरने स्नेअर पूर्ण सोडायचा, फक्त किक आणि हाय-हॅट. जोगला बसेल, बागेश्रीला नाही.

वेळूवन (लातूर)

जोगला संबळ पक्का, बागेश्री ई वरच. बेस आणि बासरी उद्यापासून ड्रमशिवाय बसतात. फेडर दादा, शेवटचं एक: डिसेंबरच्या कोरड्या हवेत ई बेसला चीर जायची भीती आहे. आधी काय करावं?

फेडर (नांदेड)

हे काळी_चार ताईंना विचारा, मी मिक्सरवाला. 🙏

काळी_चार (अंबाजोगाई)

आतून बदामाचं किंवा मोहरीचं तेल, कापड गुंडाळलेल्या काडीने, अगदी पातळ हात. रात्रभर उभी ठेवून जादा तेल गळू द्या. कार्यक्रमाच्या दिवशी नको, आधीच्या आठवड्यात एकदा. फुंकायच्या भोकाच्या कडेला तेल लागू देऊ नका, सूर फुटतो. दोऱ्याची वेटोळी फुंकायच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना, बोटांच्या भोकांच्या मागे-पुढे आणि टोकाला घट्ट आहेत का ते बघा. सैल झाली असतील तर नायलॉनचा दोरा नव्याने गुंडाळून टोक फेविक्विकने बसवा. वाजवून झाल्यावर आतलं पाणी पुसा आणि लगेच गाडीच्या हीटरसमोर ठेवू नका. केसांसारखी बारीक चीर दिसलीच तर ती पसरायच्या आत तिच्यावर दोरा आवळून घ्या, आणि त्या रात्री यमन-बागेश्रीचे आलाप पण जी वरच, सा जी धरून, नेहमीच्या बोटांनी. कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोज तीन वर करायला आधीच सांगून ठेवा. बेस-गिटारवाल्यांना मात्र जी मध्ये एकदा तरी बसवून घ्या, त्यांना बटण नसतं.